निळा दोरा

हे मी शालूलाही सांगितलेलं नाही. शालू म्हणजे माझी बायको. तिच्यापासून मी एरवी काय लपवतो? ऑफिसात कोण कोणावर घसरलं, बाजारातली वांगी कशी किडकी निघाली, सगळं घरी येऊन ओकून टाकतो. हे तेवढं आत राहिलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही आणि सुदामला तर मुळीच नाही. की हे खरं कारण नाही? — असो. बसलोच आहे तर सांगतो.

आणि एक आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तुमचा हिरमोड नको. मी सुखी माणूस आहे. मनात असं काही घेऊन जगणाऱ्याला झोप लागत नाही म्हणतात. मला लागते. दुपारीही लागते. कपाशीच्या संशोधनात नोकरी आहे, अकोल्यात दोन खोल्यांचं घर आहे, शालूच्या हातची जवसाची चटणी आहे. सुख म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण या सुखात एक जागा अशी आहे की जिथे मी पाय टाकत नाही.

मी अमरावतीचा. वडील शाळामास्तर. शेती आमच्याकडे कधी नव्हती, तरी मी शेतकीच्या शिक्षणाला अकोल्याला आलो, कारण तिथे जागा मिळाली; त्यात ध्येय वगैरे काही नव्हतं. ध्येय होतं ते सुदामचं. सुदाम तायडे, माझा होस्टेलातला खोलीसोबती, मूर्तिजापूरचा. त्याचे वडील तिथल्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मजुरी करायचे. घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि त्यांच्या अख्ख्या वस्तीतून कॉलेजात पोचलेला हा पहिला. सुट्टीत तो घरी गेला की वस्तीतली माणसं त्याला नुसतं बघायला येत. तो लाजून मागच्या दारानं पळायचा.

आमचे सर पुण्याकडचे. अनुवंशशास्त्र शिकवायचे, आणि फार सुंदर शिकवायचे. म्हणायचे, वऱ्हाडचा कापूस चिवट, पण धागा आखूड. गिरणीला बारीक सूत काढायला हवा असतो लांब धागा. तो धागा कारखान्यात तयार होत नाही, तो झाडात तयार करावा लागतो. आईबाप निवडायचे, त्यांची गाठ घालायची आणि वाट बघायची. मी हे वहीत उतरवून घ्यायचो. सुदाम ऐकायचा — तोंड अर्धवट उघडं ठेवून, जेवायला बसलेल्या माणसासारखा.

शेवटच्या वर्षाच्या आधीच्या हंगामात सरांनी आम्हाला संकराचं काम दिलं. प्रत्येकाला कपाशीची एक ओळ. काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कपाशीचं फूल सकाळी उमलतं आणि उमलल्या उमलल्या स्वतःच्याच परागानं फळतं. म्हणून आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी अंगठ्याच्या नखानं चिरायची, आतले पुंकेसर अलगद काढून टाकायचे, वर कागदी पिशवी घालायची आणि देठाला आपापल्या रंगाचा दोरा बांधायचा. माझा पिवळा, सुदामचा निळा. दुसऱ्या सकाळी बापझाडाचं फूल आणून त्याचे पराग लावायचे. दिसायला सोपं, पण नख जरा आत गेलं की कळी मेली, आणि एखादा पुंकेसर राहिला की सगळं फुकट. सुदामचा अंगठा असा चालायचा की बघत राहावं.

आपलं काम जमलं की फसलं, हे पुढच्या वर्षीच कळे. आईझाडाचं फूल कोरं, बापझाडाच्या पाकळीच्या बुडाशी गर्द तांबडा ठिपका. संकर जमला असेल तर लेकराच्या फुलात ठिपका उतरणारच. उतरला नाही, तर आईनं स्वतःचंच पोर वाढवलं. तिथे वशिला नाही, सारवासारव नाही. मागच्या वर्षी तुम्ही काय केलंत ते फूल सांगून टाकतं.

आता ती संध्याकाळ. — नाही, त्याआधी सुदाम का गेला ते सांगायला हवं. कपाशी भर बहरात होती आणि त्याच्या वडिलांचा हात जिनातल्या पट्ट्यात सापडला. बहरात सर कोणाला रजा देत नसत. विचारायचीसुद्धा सोय नव्हती. सुदाम खाटेवर बसून राहिला. मीच म्हणालो, "तू जा. तुझी ओळ मी करतो. सरांना पत्ता लागणार नाही." हे मी मनापासून म्हणालो होतो, एवढं तरी माना. मानलं नाहीत तरी चालेल.

तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. आणि दुसऱ्याच दिवशी अकोल्यातल्या माझ्या मावशीनं निरोप धाडला — एक मुलगी बघायला ये, आत्ताच ये, पाहुणे उद्या परत जाणार. मी माझी ओळ भराभर उरकली. माझी. आधी माझी. मग अंगावर धुतलेला सदरा चढवला आणि गेलो. पोहे आले, पोह्यांमागून शालू आली. तिनं मान वर करून माझ्याकडे सरळ बघितलं आणि मावशीला विचारलं, "यांच्या नखात माती काहून आहे?" सगळे हसले. मी त्याच क्षणी खलास झालो. आजही तो प्रश्न आठवला की मला गुदगुल्या होतात.

शेतावर परतलो तेव्हा सूर्य टेकला होता. सुदामची ओळ तशीच उभी. उद्याच्या कळ्या फुगून तयार. उजेड थोडा होता — मन लावलं असतं तर निम्म्या तरी झाल्या असत्या. मी काय केलं? पिशव्या घातल्या. निळे दोरे बांधले. कळी एकही चिरली नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळं झालेलं दिसेल, एवढंच केलं. शीळ घालत केलं.

बरं, एका संध्याकाळी चुकलं म्हणावं तर तेही नाही. पाहुणे काही लगेच गेले नाहीत, आणि सुदाम येईपर्यंत मी रोज मावशीच्या गल्लीत काही ना काही निमित्त काढून जात राहिलो. रोज आधी माझी ओळ नीट, मग गल्ली, मग तिन्हीसांजेला पिशव्या आणि निळे दोरे. सकाळी मात्र इमानेइतबारे उठून त्याच्या फुलांना बापझाडाचे पराग लावायचो. आत फुलाचे स्वतःचे पराग आधीच पडलेले असताना! कोणाला फसवत होतो मी? फुलाला?

सुदाम आला. वडिलांची दोन बोटं गेली होती, जीव वाचला होता. ओळभर निळे दोरे बघून त्याचे डोळे भरून आले. त्यानं माझा खांदा दाबला. मग पाऊस आला, उरलेल्या कळ्या गळून गेल्या. म्हणजे त्याच्या ओळीत बोंडं धरली ती बरीचशी माझ्या त्या दिवसांतली. दोरे सगळे निळेच, बीही एकत्रच निघालं; कुठलं कोणाच्या हातचं, हे ओळखायची सोय नव्हती.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? दोरे सोडून टाकायचे, ती बोंडं बाजूला काढायची, काम संपलं असतं. बरोबर आहे. मला वाटलं, काही कळ्यांत बापाचे पराग शिरलेही असतील. वाटलं, पुढचं पुढे. तोवर माझं लग्न ठरलं होतं आणि मला जगात सगळं छानच होणार असं वाटत होतं.

पुढच्या वर्षी ते बी पेरलं. फुलं आली. माझ्या ओळीत ठिपकेच ठिपके. सुदामच्या ओळीत सकाळी आम्ही दोघंच गेलो. तो एकेका फुलात वाकून बघत चालला. कोरं. कोरं. मध्येच एखादं ठिपक्याचं. पुन्हा कोरं, कोरं. मी त्याच्या मागे. आता तो वळेल आणि मला विचारेल — मी उत्तर जुळवत होतो. ओळ संपली, तो वळला. रागाचं नाव नाही चेहऱ्यावर. म्हणाला,

"इन्या, तू केलेल्या तेवढ्या कळ्या साधल्या पाय. बाकी सारं मी नासवलं. माह्या हातातच खोट हाय गड्या."

कळलं ना तुम्हाला? ते मोजके ठिपके त्याचे होते. त्यानं गावी जायच्या आधी आणि आल्यावर, त्या सुंदर अंगठ्यानं केलेले. कोरी फुलं माझी. आणि त्यानं आपली फुलं मला देऊन टाकली, माझी स्वतःच्या अंगावर घेतली — तेही माझे आभार मानत.

मी म्हणालो, "असू दे रे. होतं असं."

हा माझा गुन्हा. कळ्या नाहीत. कळ्या हा आळस होता, पोरकटपणा होता, त्याला माफीही मिळाली असती. सुदामनंच दोन शिव्या हासडून दिली असती. 'असू दे रे, होतं असं' हे जे मी म्हणालो, शांतपणे, मित्राच्या आवाजात — ते.

आठवड्याभरात सर ओळी बघायला आले. सगळा वर्ग मागे. कपाशीच्या संशोधनात एक जागा निघणार होती, तिथून पुढे शिकायची सोय होती, आणि सरांच्या मनात सुदामचं नाव होतं हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी त्याच्या ओळीतली फुलं पाहिली, चष्मा काढून पुसला आणि दुःखानंच म्हणाले, "तायडे, डोकं आहे तुमच्याकडे. पण या कामाला हात लागतो." सरांच्या मनात त्यात दुसरं काही नव्हतं. पण मागे उभ्या पोरांपैकी दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघून जी मान हलवली, ती कशासाठी हलवली हे मला कळलं. सुदामलाही कळलं. आपण गावी गेलो होतो हे त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी अडचणीत आलो असतो ना — सरांना चोरून त्याची ओळ केली म्हणून! मला वाचवायला गप्प बसला तो. आणि मी? मी माझ्या ओळीपाशी उभा होतो, ठिपक्यांशेजारी.

जागा मला मिळाली.

सुदाम अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवतो. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. वर्गात बोंड घेऊन जातो आणि तासभर त्याच्यावरच बोलतो. बायको चांगली, दोन मुली हुशार. तो सुखी आहे, माझ्याइतकाच. हे मी स्वतःला दिलासा म्हणून सांगत नाही, खरंच तसं आहे. पण स्वतःच्या हातानं तो कधी काही लावत नाही. अंगणात तुळससुद्धा बायकोनं लावलेली. पोरांना तोंडपाठ सांगतो कलम कसं करावं, आणि स्वतः चाकू हातात घेत नाही.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी गेलो होतो त्याच्याकडे, शालूला घेऊन. कुंपणाला रानगुलाब वाढलाय, त्यावर त्याला चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरून हवा होता. पावसाळा सरल्यापासून माझी वाट बघत थांबला होता. मी म्हणालो, तूच भर की, मी बसतो शेजारी. त्यानं हात मागे घेतले, अगदी पाठीशी नेले, आणि हसला. "नाई बावा. माह्या हातचं जगत नाई, तुले माईत हाय."

मला माहीत आहे.

त्यानं फांदी धरली. मी सालीला चीर दिली, डोळा बसवला. दोरा लागला तर त्यानं मुलीच्या शिवणाच्या डब्यातून आणून दिला, मिळेल तो, पांढरा होता. मी बांधत असताना तो शालूला म्हणाला, "वयनी, पाहून घ्या. हात असावा तं असा." शालू माझ्या नखांकडे बघून हसली, तशीच, पहिल्या दिवसासारखी.

मी गाठ घट्ट केली. मग हात धुतले, आणि आम्ही चौघं जेवायला बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल. मी पोटभर जेवलो.

डोळा फुटलाय असं त्यानं परवा कळवलं.