कोणता, किती, कोणाचा

मोहाच्या झाडाखालची फुलं सकाळी वेचून नेली, तरी दुसऱ्या सकाळी तेवढाच सडा पडलेला असतो. आमच्या गावातल्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून मोकळं व्हावं, तर चार नवे पडलेले!

मी मूळची नागभीडची. डिसेंबरात लग्न होऊन या गावात आले. चंद्रपूर जिल्ह्यातलं, जंगलाच्या अगदी काठावरचं गाव. नवरा, विलास, सफारीची जिप्सी चालवतो. मी बी.एड. झालेली आणि कमी बोलणारी. नवी सून कमी बोलते म्हणून सासरचे खूश, बी.एड. आहे म्हणून सफारी गेटवाले खूश! त्यांना गावातल्या बायका गाईड म्हणून घ्यायच्या होत्या. पाच जणींनी नावं दिली आणि त्यांच्या तोंडी इंग्रजी परीक्षेची तयारी माझ्या गळ्यात पडली. बुद्धविहाराच्या ओसरीत, रोज दुपारी दोन ते चार.

पाच जणींत रेखाबाईंना हे काम सगळ्यात जास्त हवं होतं. मागच्या वर्षी त्यांची जाऊ मोहफुलं वेचायला गेली, ती परत आलीच नाही.

"वेचणारी बाई वाकून राह्यते, मॅडम. त्याले वाटते जनावरच हाये. गाईड कशी, गाडीत बसून राह्यते."

पास झाल्या तर गाडी. नापास झाल्या तर यंदाही टोपली आणि तेच जंगल.

*

पहिल्या दिवशी मी लिमिटिंग ॲडजेक्टिव्ह घेतली. 'बिग', 'ब्यूटिफुल' ही विशेषणं वस्तू कशी आहे ते सांगतात. ही दुसरी तसलं काही सांगत नाहीत. कोणती, किती, कोणाची, एवढंच ठरवून नामाभोवती कुंपण घालतात. धिस, दॅट, टू, ईच, माय. पर्यटक तरी दुसरं काय विचारतो?

"बोट दाखवून वाक्य करा," मी म्हटलं. "धिस फळा. दॅट झाड."

रेखाबाईंनी तलावाकडे बोट केलं. "दॅट..." आणि थांबल्या. बाकीच्या चौघी खाली बघायला लागल्या.

"दॅट काय?"

"दॅट एवढंच पुरे, मॅडम. त्याचं नाव नाई घेत आमी. घेतलं का येते तो."

मी समजावलं. नाव मराठीत घ्यायचंच नाही, 'टायगर' म्हणायचं. परीक्षेत तो शब्द आल्याशिवाय पास कोण करणार?

रेखाबाई माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या.

"त्याले इंग्रजी समजत नाई का, मॅडम? रोज इंग्रजी बोलणारेच तर येऊन राह्यले त्याच्यापाशी!"

*

मग मी चित्रांचा तक्ता आणला. हरीण, अस्वल, मोर, वाघ. दुसऱ्या दिवशी वर्गात आले तर तक्त्यावर रेखाबाईंनी वही टांगलेली. नेमकी वाघाच्या तोंडावर.

"अहो, चित्र आहे ते!"

"आपल्याले माहीत हाये, मॅडम. त्याले कुठी माहीत हाये?"

मी वही काढली. त्या दुपारी शिकवताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. उगाच!

*

'ईच' शिकवताना मी म्हटलं, समजा सात बायका आहेत. 'ईच वुमन' म्हणजे त्यातली एकेक, वेगवेगळी, सुटी.

"समजलं," रेखाबाई म्हणाल्या. "आमी हाक देतो तसं."

जंगलात फुलं वेचताना झाडं दूर दूर, बायका दिसत नाहीत. म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकीनं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी एकेक करून 'हो' म्हणायचं.

"जाऊबाई गेली त्या दिवशी आमी सात होतो. मीच हाका देऊन राह्यली होती. माह्या हाकेले दर बारीले सहा 'हो' आले. चारदा हाक देली, चारी बारीले सहा."

"मग कळलं केव्हा?"

"रस्त्यावर आलो तवा. मागं पाच जणीच होत्या."

फळ्यावर 'ईच' लिहिलेलं होतं. ते पुसायला कोणी उठलं नाही.

*

गंमत म्हणून विलासचा एक किस्सा सांगते. किस्सा तसा गमतीचाच आहे.

नागपूरकडचं एक कुटुंब सफारीला आलं. तीन तास फिरले, पण मोर आणि चितळांपलीकडे काही नाही. गेटवर उतरताना साहेब चिडलेले. "नो टायगर! पैसा वेस्ट!" विलासला शेवटपर्यंत एक शब्द बोलू दिला नाही.

आठ दिवसांनी त्यांचाच फोन. आवाज अगदी खाली. "भैया, घर आके फोटो बड़े करके देखे. मोर के पीछे है. चीतल के पीछे है."

"अरे वा! मग दिसला म्हणायचा," विलास म्हणाला.

"वो बात नहीं, भैया. हर फोटो में है. और हर फोटो में हमारी तरफ़ देख रहा है."

*

'माय' सगळ्यात सोपं जाईल, असं मला वाटलं होतं. माय हाऊस, माय बफेलो, सगळं झालं. रेखाबाईंची पाळी आली.

"माय जाऊबाई'ज बास्केट."

वाक्य करा म्हटलं, तर त्या मराठीतच बोलायला लागल्या. जावेची टोपली झाडाखाली तशीच राहिली होती. आणायला जायची कोणाची हिंमत होईना. पाच दिवसांनी माणसं जमवून, डबे वाजवत गेले.

"भरली होती, मॅडम."

"फुलं पडून भरली असेल. झाडाखालीच होती ना?"

"पडली तर पानं पडतीन, काड्या पडतीन. तिच्यात नुसती फुलं होती. निवडलेली."

घरी हे सांगितलं, तर सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिचा हात साफच होता, सूनबाई. पान येऊ देत नव्हती."

*

परीक्षा मार्चमध्ये झाली, फुलं पडायला लागल्यावर. बाहेरगावचे साहेब आले. एकेक उमेदवार जिप्सीत बसवून सकाळच्या फेरीतच परीक्षा. रेखाबाईंच्या फेरीला विलास गाडी चालवत होता, शेजारी रेखाबाई, मागे साहेब आणि मी. आदल्या दिवसापर्यंत त्यांच्या तोंडून 'टायगर' निघालं नव्हतं. मी त्यांच्या टोपलीचा विचार करत बसले होते.

दोन वळणं गेल्यावर विलासनं गाडी थांबवली. समोर, रस्त्याच्या मधोमध, बसलेला! साहेब हरखले. कागद मांडीवर, पेनाचा हात गाडीबाहेर टेकवलेला.

"येस, गाईड. व्हॉट डू यू सी? फुल सेंटेन्स."

मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, एकदा म्हणून टाका.

"टू, सर."

"टू व्हॉट?" साहेबांनी समोर पाहिलं. "आणि टू कुठे? मोजा नीट. वन!"

रेखाबाई समोर बघतच नव्हत्या. गाडीला लागून बांबूची दाट रांजी होती, त्या बेटाकडे त्यांची नजर.

"साहेब," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हात आत घ्या."

साहेबांनी हात आत घेतला. पेन खाली पडलं. ते पडल्याचा आवाज मला स्पष्ट आला, कारण दुसरा कुठलाच आवाज नव्हता. वारा नव्हता. रांजीतला एकच बांबू हलत होता.

"पास," साहेब कुजबुजले. "यू आर पास. विलास, गाडी मागे घे."

विलासनं गिअरवर हात ठेवला. रेखाबाईंनी आरशात पाहिलं आणि त्याचं मनगट धरलं.

"सॉरी, सर," त्या म्हणाल्या. "थ्री."