आंबलेला ऊस
परवा बारामतीच्या बाजाराला जाताना उन्हात उभ्या असलेल्या ट्रॉलीतून उसाचा आंबूस वास आला आणि मला साखर कारखान्याचं गेट आठवलं. मी तेव्हा लहान होते; हंगामी कामगारांना कायम करा म्हणून संप चालला होता. वडील बॉयलरवर कामाला, तेही गेटवर बसलेले. मी आईबरोबर त्यांची भाकरी घेऊन गेले, तेवढ्यात धाकटे चुलते ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत आमच्याच शेतातला तोडलेला ऊस होता. वडील उठले आणि ट्रॅक्टरपुढं आडवे झाले. "दादा, आपलाच ऊस हाय की," चुलते म्हणाले. "व्हय, म्हनून तर अडवला. आपला आत सोडला तर दुसऱ्याचा कुठल्या तोंडानं अडवू?" चुलत्यांनी किल्ली वडिलांच्या अंगावर भिरकावली आणि ते पायीच घरी गेले. ऊस तिथंच वाळला, आंबला. पुढं संप मिटला, वडील कायम झाले, पण घरात दोन चुली झाल्या त्या झाल्याच. आता माझा मुलगा त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली राबतो. काल जेवताना म्हणाला, "आई, समदे गेटवर बसायला तयार हायत, पन पुढं कुनी व्हईना." "तू हो" म्हणायला माझी जीभ रेटली नाही.