लाल शाईखालच्या चार ओळी

उमापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवताना माझा लाल पेन कोणाची भीडभाड ठेवत नसे. बोलायचं इंग्रजी तोंडात ठेवा, कागदावर आणू नका, हा माझा खाक्या. पोरं मोबाइलवरून 'हे', 'ओके', 'मिस यू' उचलून आणायची आणि मी काट मारायचो.

गेल्या हंगामात दहावीला वडिलांना पत्र लिहायला लावलं. फळ्यावर 'अनौपचारिक पत्र' असं मीच ठळक लिहिलं आणि वर साचाही दिला: मी इथे खुशाल आहे, अभ्यास चांगला चालू आहे. निम्म्या पोरांचे आईवडील तेव्हा ऊसतोडीला गेलेले. एका मुलीनं साचा उतरवला, पण मध्येच स्वतःच्या चार ओळी घुसवल्या. 'हे पप्पा.' 'मिस यू लोड्स.' मी चारही खोडल्या आणि बाजूला 'अयोग्य' असा शेरा मारला.

तिला त्याचं काही वाटलं नाही. आपण इंग्रजीत पत्र लिहिलं याच आनंदात तिनं त्या पानाचा फोटो वडिलांना पाठवला, लाल रेघांसकट.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत वडिलांचा मला फोन आला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता. पत्र त्यांनी ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या कारखान्याच्या चिठ्ठीवाल्याकडून वाचून घेतलं होतं. पोरगी खुशाल आहे, अभ्यास चालू आहे, एवढं कळलं म्हणाले. मग अडखळले.

"सर, लाल केलेलं त्यानं वाचलंच न्हाई. चुकीचं हाय म्हनला. त्यात काय हाय?"

मी तिची वही मागवली आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागलो. पप्पा, तुमची लई आठवण येते. तुम्ही कधी येता असं झालंय. उशीर झाला तरी असू द्या, मी फाट्यावर थांबते. सगळ्या पत्रात तिचं स्वतःचं तेवढंच होतं, आणि नेमकं तेच मी खोडलं होतं.

ट्रॅक्टरच्या आवाजावरून वडिलांनी विचारलं.

"यात चुकीचं काय हाय, सर?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "चुकलो मी."

"मग जरा थांबा. तिच्या आईला हाक मारतो. परत एकदा वाचा."

मी परत वाचलं. या खेपेला आधी तिच्या इंग्रजीत, तिनं लिहिलं होतं अगदी तसं.