फायरवॉलमधली पंगत

घरात इंटरनेटचा वेग आधी कुणाला मिळावा, याचे नियम राउटरच्या फायरवॉलमध्ये घालता घालता माझी रविवारची अख्खी सकाळ गेली. माझा ऑफिसचा लॅपटॉप पहिला, मग लेकीचा क्लास, मग टीव्ही. पाहुण्यांचे फोन सगळ्यात खाली. दुपारी आत्या आली आणि तिचा व्हिडिओ कॉल सारखा अडकायला लागला. का अडकतोय, हे समजवायला मी शहाण्यासारखं ती यादी आईला दाखवली.

"पाहुण्यांना शेवटी वाढतात का रे कधी?" आई कडाडली.

"अगं, ही काय पंगत आहे?"

"मग काय आहे?"

मी आणखीच चिडलो. तारेतून जे वाहतं त्यालाही आमच्याकडे मानपान लागतो, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. मुकाट्यानं आत्याचा फोन वर नेला, माझा लॅपटॉप तळाला टाकला.

"आणि तुझा फोन कुठे घालू?" मी वैतागून विचारलं.

"माझं काय, सगळ्यांचं झालं की बघू," म्हणत ती चहा टाकायला गेली.

तरीही मी तिचा फोन शोधला, वरपासून खालपर्यंत. सकाळभर खपून केलेल्या माझ्या यादीत तो नव्हताच.