सुनीतापाशी अडणारे पंप

"मॅडम, सुनीताला लाइनवरून उतरवा. माल उसीके पास अटक रहा है," आमचे प्लांट मॅनेजर चौहान साहेब म्हणाले.

अडत होताच. बऱ्हाणपूरच्या आमच्या कारखान्यात फवारणीचे बॅटरी पंप जुळवतात. केळी-कापसाच्या शेतात पाठीवर घेऊन फिरतात ते. हंगाम तोंडावर आला होता आणि सुनीतासमोर पंपांच्या टाक्यांची रांग लागलेली. तिचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. ते वाढवायचं की नाही, हे माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं.

मी इथली प्रोडक्शन इंजिनियर. माझं काम लाइन बॅलन्सिंग. म्हणजे लाइनवरच्या बायकांत काम अशा रीतीने वाटून द्यायचं, की प्रत्येकीला साधारण सारखा वेळ लागावा. लाटणारीचा हात मागे पडला की भाजणारी तव्याकडे बघत बसते, तसंच इथेही होतं.

मी स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले. गंमत अशी, की मी उभी असले की लाइन छान चालायची. कल्पना मोटर बसवून स्क्रू कसायची, पुढे सुनीता वायर जोडून क्लिपा लावायची. मी पाठ फिरवली की सुनीतासमोर पुन्हा टाक्या. मी समजले, नजर हटली की ही हात आखडते. तिला विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "माझाच हात जरा धीमा आहे मॅडम." रिपोर्ट जवळजवळ लिहून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सुनीता दीराच्या लग्नाला गेली. तिच्या जागी बसवलेली बाई थोड्याच वेळात टाक्या कल्पनाकडे परत करू लागली. मोटरचे स्क्रू नुसते बोटांनी फिरवलेले होते. कल्पना उठली आणि डोक्यावर टांगलेली विजेची स्क्रू गन ओढायला गेली. डाव्या हाताने उजवं कोपर वर ढकलत होती. चेहरा पांढराफटक.

मी तिला बाजूला घेतलं.

"हात वर जातच नाही मॅडम," ती म्हणाली. "सुनीता बोलली, तू मोटर बसव, स्क्रू मी कसते. तुम्ही येता तेव्हा मी दात आवळून करून घेते."

"मग सांगितलं का नाही?"

"ज्याच्यानं होत नाही, त्याले घरी पाठवता ना."

पाठवत होतो, हे खरं होतं. म्हणजे स्वतःचं काम सांभाळून सुनीता कल्पनाचेही स्क्रू कसत होती, तेही साध्या पेचकसाने. आणि कंत्राट जायची वेळ आली तरी स्वतःलाच धीमी म्हणवून घेत होती. आधी मला दोघींचा रागच आला, खोटं कशाला बोलू. मग डोळे भरून आले. माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्यासाठी एवढं केलं नसतं, आणि मी तरी तिच्यासाठी कुठे केलं असतं.

साहेबांना सांगितलं, तर ते आणखी भडकले. "ये तो और गलत है. दोनोंने मिलके प्रोसेस तोडा."

"साहेब, प्रोसेसच चुकीची आहे. दिवसभर हात डोक्यावर नेऊन कोणाचा खांदा टिकेल? मांडणी बदलायला मला एक शिफ्ट द्या."

त्यांनी डिस्पॅचच्या बोर्डावरच्या माल पाठवायच्या तारखा पाहिल्या. हंगामात शिफ्ट मागणं म्हणजे जीवच मागणं. तरी त्यांनी दिली, वर फिटरही स्वतः बोलावून दिला. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

स्क्रू गन छातीच्या उंचीवर आणली आणि सुनीताच्या बाजूला वळवली. स्क्रूचं काम रीतसर सुनीताच्या जागेकडे दिलं. तिथल्या क्लिपा टेस्टिंगवरच्या रुखसानाला दिल्या, कारण टाकीत पाणी भरेपर्यंत ती नळाकडे बघत उभी असायची. ती खुशीने हो म्हणाली. संध्याकाळपर्यंत रांग ओसरली. मी रिपोर्ट नव्याने लिहिला. साहेबांनी तो वाचला, सुनीताचं कंत्राट वाढवलं, आणि बाकीच्या टांगलेल्या गनही खाली घ्यायला सांगितल्या. कल्पनाही लाइनवर राहिली.

सुनीता लग्नाहून परतल्यावर मी तिला कामाची नवी वाटणी समजावली. "स्क्रू आता तुझ्याकडे."

तिने एकदा कल्पनाकडे पाहिलं. "ते तर माझ्याकडेच होते मॅडम."

लाइन बॅलन्स करायचा पगार मला मिळतो. त्या दोघींनी ते काम आधीच, माझ्या नजरेआड, फुकटात केलं होतं. आता कुठे माल अडला की मी घड्याळ नंतर काढते. आधी विचारते, कुणाचं काय दुखतंय.