ढोलाने न घेतलेलं नाव

झिनबोगूच्या बाजारात फुलेराचा उकडा तांदूळ पारखायला दाणा दाताखाली धरावा लागत नाही. मूठभर उचलून उन्हात धरला की कळतं. दाणे सगळे अख्खे, कणी नावालासुद्धा नाही. आता कुणी तिचं कौतुक केलंच तर ती हात झटकते आणि म्हणते, "मला काय सांगता? सामाताला सांगा." सामाता जाऊन वर्ष उलटलं, तरी फुलेरा हेच म्हणते.

सामाता म्हणजे तिची आई. जन्म दिलेली नव्हे. हे वाक्य आमच्या गावात आता कुणी बोलत नाही, पण एके काळी बोलायचे, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

दुष्काळाच्या वर्षी उत्तरेकडून लॉऱ्या भरभरून माणसं दक्षिणेला चालली होती. त्यातल्या एका लॉरीतून आजारी बाई आणि तिची जेमतेम चालणारी पोर आमच्या लॉरीतळावर उतरली. बाई त्याच दिवशी गेली. ती काय बोलत होती, ते कुणालाच कळलं नाही. गावच्या नायकाने आसपासच्या सगळ्या बाजारांत दवंडी पिटवली, पण पोरीला न्यायला कुणी आलं नाही. सामाता तळावर भात विकत बसायची. विधवा, मूलबाळ नाही, आणि तोंडाचा पट्टा असा की ड्रायव्हरसुद्धा तिच्या टोपलीला वळसा घालून गाडी काढत. तिने पोरीला पाठीवर बांधली आणि उरलेला भात विकून मगच घरी गेली. नाव फुलेरा ठेवलं तेही तिनेच.

माया तिच्या हातात होती, जिभेवर नव्हती. "ए पिसाळलेल्या कोंबडे, साळ हलव!" ही तिची सकाळची हाक. साळ रात्रभर गरम पाण्यात भिजवायची, सकाळी मडक्यात वाफवायची. किती वेळ, हे तिने कधी सांगितलं नाही. फुलेराचा कान मडक्याला लावायची. "ऐकू येतंय का? तूस फुटायला लागलं की पुटपुटतं. पुटपुटलं की उतरव. बडबडायला लागलं म्हणजे तुझ्यासारखं वाया गेलं." मग ताडपत्रीवर पसरायचं, पण भर उन्हात नाही, घाईने वाळलेला दाणा गिरणीत तुटतो. काठी घेऊन गिनी कोंबड्या हाकलत बसायचं काम फुलेराचं. तिला दुपारी डुलकी लागली की सामाता स्वतः काठी घ्यायची आणि ती उठली की आळशी म्हणून शिव्या घालायची. फुलेराला पोटभर जेवण आणि पोटभर शिव्या, दोन्ही मिळालं. आपण कुणाची तरी आहोत, याबद्दल तिला कधी शंका आली नाही.

शंका आली ती लग्नात.

आमच्याकडे ढोलकरी म्हणजे नुसते वाजवणारे नव्हेत. डमरूच्या घाटाचा ढोल काखेत दाबून ते राजांची सगळी पिढीजात हकिगत बोलतात: कोण कुठून आला, गादी म्हणून कोणत्या कातड्यावर बसला, कुणाच्या हातून पडला. आणि समारंभात ते तुमच्यासमोर येऊन उभे राहतात, तुमच्या आजोबा-पणजोबांची नावं वाजवत मागे मागे जातात, कुठल्या तरी नायकापर्यंत पोचतात, आणि तुम्ही नाचायचं. इथे अगदी सायकलचं पंक्चर काढणाऱ्याच्या मागेही कुठला ना कुठला नायक निघतोच. पण ढोल खोटं बोलू शकत नाही. भलत्याच्या नावाने भलत्याला हाक मारली तर पूर्वज रुसतात, आणि त्यांचा राग वाजवणाऱ्यावर आणि नाचणाऱ्यावर सारखाच येतो.

फुलेराच्या लग्नात एका तरुण ढोलकऱ्याने हीच चूक केली. नवरी सामाताच्या अंगणात, सामाताच्याच कपड्यात. त्याने सरळ सामाताच्या आजोबांचं नाव वाजवलं. "ओढा आटला तरी खडक जागा सोडत नाही," हे त्या नायकाचं ढोलातलं नाव. फुलेरा नाचली. आयुष्यात पहिल्यांदा, दोन्ही हात पसरून. आणि तिसऱ्या ठोक्याला सामाताचा भाचा नेइंडू उठला आणि त्याने हात वर केला.

"थांबव. ही आमच्या रक्ताची नाही."

ढोल थांबला. नेइंडू दुष्ट नव्हता. तरुण होता, आणि बापाने डोक्यात भरलेली भीती त्याच्या तोंडून बोलली. पण भर मांडवात नवरी हात पसरून उभी आणि ढोल गप्प, याला काय म्हणायचं? ढोलकऱ्यांच्या म्हाताऱ्या नायकाने पूर्वजांना कोंबडा कापला, तरुणाच्या कानाखाली वाजवली, आणि कार्यक्रम पुढे गेला. संध्याकाळी सामाताने रिकामं घमेलं पालथं घातलं आणि डावाने बडवायला सुरुवात केली. ना ताल ना सूर. "नाच गं मेल्ये! ढोल त्यांचा असेल, घमेलं माझं आहे." फुलेरा रडत हसत नाचली. पण त्यानंतर कुठल्याही समारंभात ढोलकरी आले की ती चुलीपाठी जाऊन बसायची.

आता नेइंडूचं ऐका. सामाता त्याची सख्खी आत्या. म्हणजे फुलेरा तिची लेक असती, तर नेइंडू तिचा मामेभाऊ. आणि आमच्याकडे आते-मामे भावंडं एकमेकांना नीट बोलली तर लोक विचारतात, भांडण झालं का? त्यांनी एकमेकांची टोपी पळवायची, ताटातलं मांस उचलायचं, चारचौघांत लाज काढायची. आणि ज्याची काढली त्याने रागवायचं नाही. हा हक्क रक्ताने मिळतो आणि दुसऱ्या कुणाला मिळत नाही. नेइंडू दर शुक्रवारी आत्याला भेटायला यायचा. दुसऱ्या आत्याची मुलगी रहिनातू तिथे असायचीच.

"आली का माकडतोंडी? तुझ्या नवऱ्याने अजून विकलं नाही तुला?" तो दारातूनच ओरडायचा.

"गिऱ्हाइकाने तुझा चेहरा पाहिला आणि सगळं खानदान परत केलं!" रहिनातू म्हणायची.

मग तो फुलेराकडे वळायचा, टोपी काढायचा आणि मऊ आवाजात विचारायचा, "ताई, बऱ्या आहात ना? मुलं बरी? उन्हाचा त्रास नाही ना?"

फुलेरा म्हणायची, "देवाची कृपा." आणि आत जाऊन मडक्यावरचं झाकण उगीच उघडून बघायची. गावाला वाटायचं, केवढा मान देतो! त्या मान देण्यानेच ती तीस वर्षं भाजत होती. एकदा तिने नवऱ्याला, इद्दीला, बोलून दाखवलं, "एकदा तरी मला माकडतोंडी म्हणावं त्याने." इद्दी सायकलच्या चाकातून मान बाहेर काढून म्हणाला, "मी म्हणू का?" तिने त्याच्या अंगावर फडकं फेकलं.

सामाता म्हातारी झाली आणि तिची आठवण गेली. सगळ्यांची नावं विसरली, शिव्या मात्र एकही विसरली नाही. मक्याच्या उकडीचा घास तोंडाशी नेला की वाडगं भिरकवायची. "विष घालतेस, चेटकिणी?" फुलेरा भिंतीवरचं भेंडीचं कालवण पुसत म्हणायची, "हो, म्हणून तर चवदार झालंय. घे आणखी." मग म्हातारी हसायची आणि घ्यायची. फुलेरा तिला शियाच्या बियांच्या लोण्याने चोळायची, पाठीवर घेऊन सावलीत न्यायची. "तिने मला लॉरीतळावरून पाठीवर आणलं, मी तर नुसती आंब्याखाली नेते," ती म्हणायची. नेइंडू हे शुक्रवारमागून शुक्रवार बघत होता. त्याचा बाप मेला होता आणि घरातला कर्ता आता तोच होता. पण एकदा थांबवलेला ढोल पुन्हा सुरू करायचा म्हणजे भर गावात आपली चूक बोलून दाखवायची, आणि त्याचं नाक जरा वरच असायचं. तो नमस्कार करून, विचारपूस करून निघून जायचा.

सामाता गेली. उत्तरकार्य कोरड्या ऋतूत, धुळीचा वारा पडल्यावर ठरलं. आणि तेव्हा फुलेराची झोप उडाली.

उत्तरकार्यात ढोल मेलेल्याची पिढी वाजवतो आणि मग मागे उरलेल्या लेकरांना एकेक करून पुढे बोलावतो. लेकरू नसेल तर तिथेच थांबतो. त्या थांबण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: हिच्यामागे कुणी नाही. पुढे कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात सामाताचं नाव निघालं की ढोल तिथेच तुटणार, तो कायमचाच. फुलेराला स्वतःसाठी काही नको होतं. तिची आई वांझ म्हणून ढोलात राहील, हे तिला सोसवत नव्हतं. ती उठली आणि ढोलकऱ्यांच्या नायकाकडे मानाच्या कोला बिया घेऊन गेली. हा नायक म्हणजे लग्नातला तोच तरुण, याकुबू, आता पांढऱ्या दाढीचा.

"बाबा, माझ्यासाठी नको. तिच्यासाठी वाजवा. एकदाच म्हणा, सामाताला लेक होती."

याकुबूने बिया कपाळाला लावल्या, आणि परत तिच्या ओंजळीत ठेवल्या. "पोरी, माझा कान अजून दुखतो. तू तिची लेक आहेस हे मला माहीत आहे, पण ढोलाला ते तिच्या घराने सांगावं लागतं. नेइंडू बोलला तर वाजवीन."

नेइंडूला विचारायला मात्र ती गेली नाही. लेक असल्याची भीक मागायची नसते, एवढं तिला सामाताने शिकवलं होतं.

उत्तरकार्याच्या दुपारी अख्खं गाव अंगणात होतं. या वेळी फुलेरा चुलीपाठी गेली नाही. घरच्या बायकांच्या शेवटी, जरा अंतर ठेवून बसली. याकुबूने अगदी मुळापासून सुरुवात केली, त्या लाल शिकाऱ्यापासून, ज्याच्यापासून आमच्या सगळ्या राजांची वंशावळ निघते. तो परक्या गावात तहानलेला आला, एका म्हातारीकडे पाणी मागितलं, पाणवठा अडवून बसलेला रानरेडा मारला आणि त्या गावाचा जावई झाला. फुलेराने हे शंभरदा ऐकलं होतं आणि दर वेळी तिच्या मनात एकच येई: याचा बाप कोण ते कुणी विचारत नाही, आणि मला मात्र विचारतात!

ढोल राजांवरून नायकांवर आला, नायकांवरून जागा न सोडणाऱ्या खडकाचं नाव असलेल्या आजोबांवर, तिथून सामातावर. बायका रडायला लागल्या. आणि याकुबूचा हात चामड्यावर थांबला. त्याने नेइंडूकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

नेइंडू उठला. अंगणातून चालत फुलेरासमोर आला. तिला वाटलं, आता टोपी काढेल, आता विचारील, ताई, उन्हाचा त्रास नाही ना? तिने ओठ घट्ट मिटले.

त्याने हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावरचं फडकं खसकन ओढून काढलं.

"ए तांदूळचोर! माकडतोंडे!" त्याचा आवाज फाटला होता. "माझ्या आत्याला खाऊन खाऊन अशी फुगलीस, आणि आता रडायची वेळ आली तर शेवटी बसतेस? ऊठ! काय गं, मीच नाचू का तुझ्या आईसाठी, या पोटासकट?"

मग रहिनातूने किंकाळी फोडली, आनंदाची, आणि सगळं अंगण हसलं. फुलेराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण शिवीला शिवी दिली नाही तर ती परत जाते, आणि ही तिला परत जाऊ द्यायची नव्हती. ती उठली. नेइंडूच्या पोटावर चापट मारून ती म्हणाली,

"एवढ्या वर्षांनी तोंड उघडलंस, बेडका? मला वाटलं, मामाने तुला मुकाच जन्माला घातला!"

मामाने. तो शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. नेइंडूने तोंड फिरवलं आणि तिचंच फडकं डोळ्यांना लावलं. आणि मागून याकुबूने ढोल काखेत दाबला. सामाताच्या नावापाशी तुटलेला ठोका त्याने उचलला आणि पुढे नेला: सामाताची लेक, फुलेरा. सामाताची लेक, फुलेरा.

तिने दोन्ही हात पसरले.