शेवटी सांगितलेली अट

वाचनालयाच्या जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत. जन्मापासून दिसत नाही, पण पंख्याचं कोणतं पातं वाकलंय ते खुर्चीत बसल्या बसल्या सांगतील. काम बोलक्या पुस्तकांचं. कुणीतरी मोठ्यानं वाचलेलं पुस्तक घ्यायचं, आवाज सारखा करायचा, आणि ज्यांना दिसत नाही अशा वाचकांकडे पाठवायचं. माउसच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. नेम कुठे धरणार? संगणकाच्या काळ्या खिडकीत ते हुकूम टाइप करत आणि संगणक उत्तर बोलून दाखवी. "ती काळी खिडकी कशी हो सहन करता?" असं कुणी विचारलं, की म्हणत, "मला सगळ्या खिडक्या सारख्याच."

एकोणीस वर्षं सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर वरच्या मजल्याला चैन कशी पडावी? एका बुधवारी नवे संगणक आले. कंपनी वेगळी, आतली प्रणालीही वेगळी. आवाज सुधारायचं कानसेनांचं साधन मात्र तिथेही होतं, त्याच नावाचं. त्यांनी नेहमीचा हुकूम दिला: साधनाचं नाव, पुस्तकाची फाईल आणि शेवटी 'आवाज वाढव'.

संगणक शांतपणे म्हणाला, "'आवाज वाढव' नावाची फाईल सापडली नाही."

"अरे बाबा, ती फाईल नाही, ते काम आहे!"

संगणकानं पुन्हा तेच ऐकवलं.

देखभालीला येणाऱ्या बाईंनी तोच हुकूम स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहिला. "माझ्याकडे चालतंय की."

"मग लॅपटॉप इथेच ठेवून जा."

बाई हसल्या आणि लॅपटॉप घेऊन गेल्या.

शुक्रवारी ग्रंथपालबाई खाली आल्या. "सोमवारी दुपारपर्यंत एक पुस्तक करून दाखवा. नाहीतर हे काम वरची मंडळी करतील, आणि तुम्ही दारापाशी बसून फोन घ्या. तिथली खुर्चीही चांगली आहे."

चांगल्या खुर्चीचं नाव ऐकून कानसेन आपल्या जुन्या खुर्चीत आणखी घट्ट बसले. चारचौघांपेक्षा बरं असं हे एकच काम त्यांना येत होतं. तेच हातचं जाणार म्हणून कानसेन घाबरले, अगदी सरळ घाबरले.

घरी येऊन खुर्चीत बसले. "अगं, चहा टाक."

कपात चमचा किणकिणला.

"आणि साखर नको."

"घातली!" बायको म्हणाली. "नेहमीचंच आहे तुमचं. सगळं झालं की मग अट सांगायची. मला काय स्वप्न पडतं? आधी सांगत जा."

"आमचा जुना संगणक शेवटी सांगितलेलंही ऐकायचा."

"मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंत."

कानसेनांचा कप हातातच राहिला. मग तो गोड चहा त्यांनी कुरकूर न करता संपवला, तेव्हा बायकोनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

सोमवारी त्यांनी हुकूम फिरवला: साधनाचं नाव, मग 'आवाज वाढव', फाईल सगळ्यात शेवटी. संगणक चकार शब्द न काढता कामाला लागला. जुना संगणक अख्खा हुकूम ऐकून घेई आणि मग हात हलवी, बाईंचा लॅपटॉपही त्याच वळणाचा. हा नवा मात्र एकदा फाईल ऐकली की पुढे येईल ते सगळं फाईलच समजत होता. अकराला पुस्तक तयार झालं. ग्रंथपालबाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि "बरं आहे" म्हणाल्या. एवढं त्या कुणालाच म्हणत नसत.

संध्याकाळी कानसेन खुशीत घरी आले. "अगं, बिनसाखरेचा चहा टाक!"

साखरेचा डबा हातात घेऊनच बायको बाहेर आली. "काय म्हणालात?"

"अट आधी सांगितली. नवा संगणक ऐकेचना, मग शिकावं लागलं."

"त्याला येऊन किती दिवस झाले?"

"पाच."

"आणि मला?"

"चोवीस वर्षं," कानसेन हळूच म्हणाले.

चहा आला. चांगली दोन चमचे साखर होती. कानसेन निमूटपणे प्यायले.